कापसाकडून धानाकडे : विदर्भ आणि छत्तीसगड

विदर्भ आणि छत्तीसगड हे मध्य भारतातले एकमेकांना लागून असलेले दोन विस्तीर्ण प्रदेश आहेत. विदर्भाचे क्षेत्रफळ सुमारे 97 हजार चौरस किलोमीटर, तर छत्तीसगडचे सुमारे 1 लाख 35 हजार. नागपूर आणि रायपूर ही दोन्ही मुख्य शहरे समुद्रसपाटीपासून जवळपास 300 मीटर उंचीवर, हावडा-मुंबई या एकाच लोहमार्गावर आहेत. तरीही अकोल्याचा माणूस आणि भिलाई या छत्तीसगडच्या पोलादनगरीतल्या सेक्टर 10 मधला माणूस यांचे हवापाणी, ताट आणि सणवार निराळे असतात. हा फरक राज्याच्या सीमेवर एकदम सुरू होत नाही. तो नागपूरच्या पूर्वेला हळूहळू उमटत जातो आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा भाग दोन्हींमधला दुवा ठरतो.

जमीन आणि पाणी

पश्चिम विदर्भ लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. या खडकाची झीज होऊन तयार झालेली काळी माती ओल धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कापूस, तूर, ज्वारी आणि अलीकडे सोयाबीन ही तिथली पिके. नागपूरच्या आसपास बेसाल्टची पूर्व कड संपते आणि पुढे त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. छत्तीसगडच्या मैदानाखाली चुनखडीचे मोठे थर आहेत. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागणारा चुनखडक जवळच्याच नंदिनी इथल्या खाणीतून येत आला आहे. छत्तीसगडचा शेतकरी जमिनीची प्रतवारी कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा अशी करतो. कन्हार ही काळी, भारी जमीन. मटासी पिवळसर आणि धानाला मानवणारी. भाठा म्हणजे मुरमाड, लालसर माळ.

गोंदिया आणि डोंगरगडच्या दरम्यान दरेकसा-बोरतलावचे डोंगर आडवे येतात. त्यांच्या पश्चिमेचे पाणी वैनगंगेला मिळते आणि प्राणहितेतून गोदावरीत जाते. पूर्वेकडचे शिवनाथमार्गे महानदीत जाते. दक्षिणेत मात्र ही विभागणी उरत नाही, कारण बस्तरमधून येणारी इंद्रावती गडचिरोलीच्या सीमेवरून वाहत शेवटी गोदावरीलाच मिळते.

पाऊस आणि ऊन

पावसाचे मान पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जाते. अकोल्याच्या बाजूला वर्षाला सुमारे 800 मिलिमीटर, नागपूरला 1,100, रायपूर-भिलाईच्या मैदानात 1,200 च्या आसपास, तर गडचिरोली आणि बस्तरच्या जंगलपट्ट्यात 1,400 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर तयार होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा ओलांडून वायव्येकडे सरकतात. छत्तीसगड त्यांच्या वाटेवर आधी येतो, विदर्भ नंतर. पश्चिमेला पोहोचेपर्यंत त्यांच्यातली बाष्पाची रसद कमी झालेली असते. अरबी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांचे बरेचसे पाणीही सह्याद्रीवरच उतरून जाते. त्यामुळे पश्चिम विदर्भ दोन्ही बाजूंनी पावसाच्या टोकाला पडतो.

उन्हाळ्याच्या बाबतीत दोन्ही प्रदेश समुद्रापासून दूर असल्याने होरपळतात. अकोला आणि चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि रायपूर-दुर्ग पट्टाही फारसा मागे राहत नाही. गारव्यासाठी विदर्भाकडे मेळघाटातले चिखलदरा आहे आणि छत्तीसगडकडे सरगुजा भागातले मैनपाट. चिखलदऱ्याला कॉफी पिकते, तर मैनपाटला 1960 च्या दशकापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे.

जंगल आणि निसर्ग

झाडांवरूनही फरक ओळखू येतो. विदर्भाचे जंगल मुख्यतः सागाचे. आलापल्लीचा साग प्रसिद्धच आहे. पूर्वेकडे ओलावा वाढतो तसे सालवृक्षाचे राज्य सुरू होते आणि साल हाच छत्तीसगडचा राज्यवृक्ष आहे. बस्तरमधल्या कांगेर खोऱ्यात साग आणि साल यांचे पट्टे एकमेकांत मिसळतात. मोह आणि तेंदू मात्र दोन्हीकडे सारखेच महत्त्वाचे: मोहफुलांचा हंगाम आणि बिडीसाठी तेंदूपानांची तोडणी यांवर सीमेच्या अलीकडे-पलीकडे हजारो कुटुंबांचा उन्हाळा निभतो. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारे टसर रेशीम भंडारा-गडचिरोलीतही निघते आणि ‘कोसा’ नावाने चांपा भागातही विणले जाते.

पाहण्यासारख्या ठिकाणांत विदर्भाकडे उल्कापाताने तयार झालेले लोणार सरोवर, ताडोबा आणि मेळघाटचे वाघ, वैनगंगेकाठचा मार्कंडा मंदिरसमूह आहे. छत्तीसगडकडे इंद्रावतीवरचा घोड्याच्या नालेसारखा पसरलेला चित्रकोट धबधबा, सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर आणि कवर्ध्याजवळचे भोरमदेव आहे. दुर्मीळ रानम्हैस छत्तीसगडचा राज्यप्राणी आहे. सीमेलगत गडचिरोलीतल्या कोलामार्का भागातही ती आढळते.

ताट, सण आणि रंगभूमी

पश्चिम विदर्भात ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण हा रोजचा आधार. पूर्वेकडे भात वाढत जातो. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर भंडारा-गोंदियाची धानशेती पिढ्यान् पिढ्या पोसली गेली. छत्तीसगडला तर ‘धान का कटोरा’ म्हणतात. तांदळाच्या पिठाचे चीला आणि फरा, भात रात्रभर पाण्यात ठेवून केलेली बासी आणि नाना तऱ्हेच्या पालेभाज्या हे तिथले खाणे. नागपूरकडच्या सावजी रश्श्याचा झणझणीतपणा त्यात नसतो.

पोळा दोन्हीकडे एकाच अमावस्येला येतो. मराठी पंचांगात ती श्रावणातली, तर छत्तीसगडमध्ये महिना पौर्णिमेला संपत असल्याने भाद्रपदातली. विदर्भात दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरतो आणि नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. छत्तीसगडमध्ये पोळ्यापाठोपाठ तीजा येते. हरतालिकेच्या या सणाला लेकीबाळी आवर्जून माहेरी जातात. पोळ्याच्या आधीच्या अमावस्येला हरेली साजरी होते, शेतीची अवजारे पुजली जातात आणि मुले गेंडीवर, म्हणजे बांबूच्या उंच पायांवर, चालतात.

लोकरंगभूमी दोन्हीकडे जिवंत आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर वडसा-देसाईगंज परिसरातल्या मंडळ्या गावोगाव रात्रभर नाटके करतात. छत्तीसगडमध्ये नाचा आणि पंडवानी रंगते. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांनी पंडवानी जगभर पोहोचवली. 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. रायपूरला जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी नाचातल्या कलावंतांना घेऊन ‘चरणदास चोर’ उभे केले.

एकत्र इतिहास, वेगळी राज्ये

अठराव्या शतकाच्या मध्याला नागपूरकर भोसल्यांनी रतनपूरचे राज्य जिंकले आणि रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी यांनी 1787 पर्यंत तिथून कारभार केला. रतनपूरच्या रामटेकडीवरचे राममंदिर त्यांच्याच काळातले. दसऱ्याला सोने लुटण्याची चाल छत्तीसगडमध्ये त्यांनी रुजवली, असे मानले जाते. 1854 मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. नागपूर ही त्याची राजधानी होती. मराठीभाषक माधवराव सप्रे यांनी 1900 मध्ये पेंड्रा इथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, तेही याच प्रांताच्या चौकटीत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिला. 1 नोव्हेंबर 2000 रोजी त्याचे स्वतंत्र राज्य झाले. सीमा आखली गेली तरी भामरागड आणि अबुझमाडचे माडिया गोंड दोन्ही बाजूंना आहेत आणि बस्तरच्या हलबी बोलीत मराठीच्या खुणा दिसतात.

सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये सुरू झाली. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचे आणि कामगार देशभरातले. त्यांच्यासाठी आखीव रस्त्यांची, सेक्टरांमध्ये विभागलेली वसाहत बांधली गेली. सेक्टर 10 हा तिचाच भाग. या वसाहतीत विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांबरोबर तेलुगू, बंगाली, मल्याळी आणि छत्तीसगढी कुटुंबेही शेजारी शेजारी राहू लागली. एकेकाळी नागपूरहून छत्तीसगडकडे कारभारी जात. कारखान्यानंतर त्याच वाटेने नोकरीसाठी माणसे गेली.