नादाचा छंद आणि वादाची रीत



छंद माणसें जोडतो असें आपण म्हणतों. परंतु एकाच छंदाचीं माणसें एकमेकांपासून किती लवकर तुटतात, हेंहि पाहण्यासारखें आहे. ज्यांस गाण्याची गोडी नाहीं, ते तबकडीच्या आवाजावरून भांडत नाहींत. भांडतात ते त्या आवाजावर जीव लावणारेच. आज गाणें खिशांतल्या मोबाइलवर ऐकूं येतें. तरी जुन्या तबकड्या जमविणारे आणि 'माझ्या यंत्राचा आवाज तुझ्याहून गोड' असें हट्टानें सांगणारे रसिक कमी झालेले नाहींत. अशा वादांत सभ्यता कशी राखावी, हें या लेखांत सांगावयाचें आहे. आणि आरंभीं मला माझीच चूक सांगितली पाहिजे.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं माझ्याकडे चावीचा एक जुना ग्रामोफोन आला. जळगाव जामोद येथील चार-सहा स्नेही शनिवारीं सायंकाळीं माझ्या घरीं जमत. तबकडीखालीं कागदाची चिठ्ठी ठेवून, घड्याळाकडे पाहून, एका मिनिटांत बरोबर ७८ फेरे होतील असें मीं तें यंत्र लावलें होतें, आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. एके दिवशीं १९२० पूर्वींची एक तबकडी लावली असतां ऐंशीच्या घरांतील एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, हा स्वर चढा आहे. लहानपणीं मी या गायकाच्या बैठकीस बसलों होतों. पेटीवाल्यानें काळी एक धरली होती, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे." मीं पेटी पुढें ओढून स्वर जुळवून दाखविला, तो पांढरी दोन निघाला. मंडळी हसली. तेवढ्यावर न थांबतां मी म्हणालों, "काका, वयाबरोबर कानहि थकतात." ते कांहीं बोलले नाहींत. काठी घेऊन उठले, आणि पुन्हां त्या बैठकीस आले नाहींत.

पुढें कांहीं वर्षांनीं माझ्या वाचनांत आलें कीं, ७८ फेऱ्यांचा नेम सर्वत्र रूढ झाला तो १९२५ सालीं विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागल्यानंतर. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनीं १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. तेव्हांपासून पहिल्या वीस-बावीस वर्षांतील तबकड्या कोणी ७२, कोणी ७६, कोणी ८० हूनहि अधिक फेऱ्यांनीं कोरल्या. जी तबकडी ७४ फेऱ्यांनीं कोरली, ती ७८ फेऱ्यांनीं वाजविली तर स्वराची कंपनसंख्या शेकडा सुमारें साडेपांच वाढते. पेटीवरील एका पट्टीपासून लगतच्या पट्टीचें अंतर शेकडा सुमारें सहा. म्हणजे गायकाची काळी एक आपल्या कानीं जवळजवळ पांढरी दोन होऊन पडते, आणि तीन मिनिटांचें गाणें नऊ सेकंद आधींच संपतें! माझें घड्याळ बरोबर होतें, माझी पेटी बरोबर होती, आणि तरीहि माझें म्हणणें चुकीचें असण्याचा पुरा संभव होता. गायक दर वेळीं एकाच पट्टींत गातो असें नाहीं, म्हणून काकांचें म्हणणें पूर्णपणें सिद्ध झालें असें मी म्हणत नाहीं. पण ज्या पुराव्यावर मीं त्यांना हसण्यावारी नेलें, तो पुरावाच नव्हता.

यावरून मला असें दिसून आलें कीं, नादाविषयींचे मतभेद तीन प्रकारचे असतात, आणि प्रत्येकाची रीत निराळी आहे.

पहिला मतभेद वस्तुस्थितीचा. गाणें कोणाचें, कोणत्या सालचें, किती फेऱ्यांचें? येथें आवाज चढवून उपयोग नाहीं, पुरावा शोधावा. मुंबईंत १९९० सालीं जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली, व तिनें 'द रेकॉर्ड न्यूज' हें नियतकालिक चालविलें. अशा अभ्यासू संग्राहकांची नजर लेबलावर आणि तबकडीच्या मध्यभागाजवळ कोरलेल्या क्रमांकावर असते. दोघांनाहि एकच वस्तु पाहतां येते, त्यामुळें वाद माणसावरून उठून वस्तूवर जातो.

दुसरा मतभेद कानाच्या भ्रमाचा. दोन यंत्रांपैकीं एक किंचित् मोठ्यानें वाजत असेल, तर तेंच अधिक भरदार वाटतें. हळू आवाजांत खर्जाचे स्वर कानास विशेष कमी ऐकूं येतात, हें फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं प्रयोगानें दाखविलें आहे. म्हणून दोन्ही यंत्रांचा आवाज आधीं सारखा करावा, मध्यें पडदा धरावा, तिसऱ्यानें नाणें उडवून वाटेल तें यंत्र लावावें, आणि ऐकणारानें आपला निर्णय चिठ्ठीवर लिहावा. असें दहा वेळां करावें. नुसत्या अंदाजानें दहाहि उत्तरें बरोबर येण्याचा संभव १,०२४ मध्यें एक. या परीक्षेचा मोठा गुण असा कीं, हरणारास मित्र हरवीत नाहीं. त्याचा स्वतःचा कानच त्याला सांगतो.

तिसरा मतभेद आवडीचा. ऑल इंडिया रेडिओनें १९४० च्या मार्चमध्यें हार्मोनियम बंद केली. ती बंदी १९७१ सालीं कांहीं अंशीं उठली. पेटीच्या सप्तकांत १२ स्वर ठरलेले असतात, व तींतून खरी मींड निघत नाहीं, हें कोणासहि नाकारतां येत नाहीं. तिची साथ गायकाला मोठा आधार देते, हेंहि तितकेंच खरें. एवढें मान्य करूनहि दोन जाणते रसिक दोन निर्णय देतात. येथें 'मला आवडत नाहीं' म्हणण्याचा हक्क प्रत्येकास आहे. 'तुला कळत नाहीं' म्हणण्याचा हक्क कोणासहि नाहीं.

पालकांसहि एक विनंती आहे. सायंकाळीं घरांत मुलाचें गाणें लागतें आणि वडील म्हणतात, "हा काय गोंगाट!" मुलगा तें गाणें बंद करितो, पण त्याबरोबर त्याचें बोलणेंहि बंद होतें. त्याऐवजीं एकदां "यांत तुला काय आवडतें, तें मला दाखव," असें म्हणून पाहावें. आवड जुळली नाहीं तरी चालेल.

मी क्षमा मागावयास गेलों, तेव्हां ते काका मुलाकडे अकोल्यास राहावयास गेले होते. मीं पत्र लिहिलें. उत्तर दोन ओळींचें आलें: "पट्टीचा उलगडा झाला, आनंद वाटला. आतां ती तबकडी सावकाश लावा." त्यानंतर त्यांची भेट झाली नाहीं. ती तबकडी मी आतां ७४ फेऱ्यांनींच लावतों. परंतु ज्यांच्यासमवेत ती ऐकावयाची, ते ऐकावयास नाहींत.