छावणी उठली, सदर बाजार उरला

दुसऱ्या महायुद्धात 1942 पासून इंग्लंडच्या लहानमोठ्या गावांत अमेरिकी सैनिक उतरले आणि जेमतेम तीन वर्षांच्या त्या मुक्कामातील चॉकलेट, च्युइंग गम व नाचाच्या संध्याकाळी तेथील वृद्धांनी पुढे आयुष्यभर सांगितल्या. जालन्यात परक्या सत्तेच्या फौजेची छावणी 1827 मध्ये बांधली गेली आणि 1903 मध्ये उठली, म्हणजे ती पाऊणशे वर्षे होती. तरीही तिची स्मृती माणसांच्या तोंडी कमी आणि जागांच्या नावांत अधिक टिकली आहे. तुलना थोडी अन्यायाची आहे हे खरे, कारण 1903 पाहिलेले कोणी आज हयात नाही; पण या फरकाचे कारण केवळ काळ नव्हे, तर फौजेचे स्वरूपही आहे.

या परिसराची इंग्रजी फौजेशी पहिली मोठी गाठ युद्धातच पडली. 1803 च्या सप्टेंबरच्या आरंभी कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला आणि 23 सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीने शिंदे व भोसले यांच्या फौजांशी लढाई दिली. केळना नदीला जवळपास उतार नाही असे वाटाडे सांगत असता, दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसतात त्या अर्थी त्यांच्यात येजा असणार, आणि येजा आहे तर उतारही असणारच, असा तर्क त्याने केला व तो खरा ठरला. वाटाड्यांच्या शब्दापेक्षा शेजारधर्मावर विसंबलेला हा तर्क कोणाही खेडुताला सहज पटला असता. विजय मात्र स्वस्तात मिळाला नाही. इंग्रजी बाजूचे चारशेवर लोक ठार आणि अकराशेवर जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलस्ली उतारवयातही आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचेच नाव घेई.

जालन्यात राहिलेल्या पलटणी दोन प्रकारच्या होत्या. एक तैनाती फौज, म्हणजे तहान्वये हैदराबादच्या निजामाच्या रक्षणासाठी ठेवलेली ईस्ट इंडिया कंपनीची फौज, जिच्यात मद्रास लष्कराच्या पलटणी असत; दुसरी हैदराबाद कंटिंजंट, म्हणजे नावाने निजामाची, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज. या दुसऱ्या फौजेच्या खर्चापायी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेला आणि 1902 च्या करारानंतर, वर्षाला 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमचा त्यांच्याकडे राहून, कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली. पाहुण्याच्या मुक्कामाचा खर्च यजमानाने शेतजमीन देऊन भागवावा, तसा हा व्यवहार होता.

‘गोऱ्यांची छावणी’ म्हटले तरी तिथे गोरे थोडेच. शिपाई मद्रासकडचे तेलुगू-तमिळ, दख्खनी मुसलमान आणि उत्तरेकडचे होते. त्यांच्या गरजांसाठी लष्करी देखरेखीखाली वसवलेल्या मुख्य पेठेला सदर बाजार म्हणत, आणि हे नाव जालन्यात आजही व्यापारी वस्तीला व तिथल्या पोलीस ठाण्याला आहे. छावणी उठण्याच्या थोडे आधी, 1900 च्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यात आली होती, त्यामुळे पलटणी गेल्यावरही पेठ ओस पडली नाही. गिऱ्हाईक बदलले, एवढेच.

छावणीची सर्वांत दूर पोचलेली आठवण मात्र कॅनडात सापडते. माझो द ला रोश या लेखिकेच्या ‘जालना’ या कादंबरीला 1927 मध्ये ‘अटलांटिक मंथली’चे दहा हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले, तिच्यापासून सोळा कादंबऱ्यांची माळ तयार झाली आणि 1935 मध्ये हॉलीवूडने तिच्यावर चित्रपट काढला. कथेतील कॅप्टन फिलिप व्हाइटओक आपली पलटण जिथे होती त्या ठाण्याचे नाव ऑन्टारिओतील घराला देतो; या घराची कल्पना लेखिकेला तिकडच्याच ‘बनारस’ नावाच्या खऱ्या घरावरून सुचली असे मानले जाते, आणि ते घर आता संग्रहालय आहे. कॅप्टनच्या पत्नीने हिंदुस्थानातून नेलेला बोनी नावाचा पोपट त्या काल्पनिक घरात राहतो आणि चिडला की शिव्या देतो. त्या शिव्या छावणीच्या हिंदुस्थानीतल्या आहेत, जालन्याच्या मराठीतल्या नव्हेत.