चल मेरी लूना

'चल मेरी लूना' हे कायनेटिक इंजिनिअरिंग या कंपनीच्या 'लूना' मोपेडच्या जाहिरातीतील प्रसिद्ध हिंदी घोषवाक्य आहे. १९८० च्या दशकात जाहिरातकार पीयूष पांडे यांनी ते लिहिले.

पार्श्वभूमी

लूना १९७२ साली बाजारात आली. तिची रचना इटलीतील पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडवर आधारलेली होती. ५० सीसीचे इंजिन, गिअर नाही आणि सायकलीसारखी पायडले असे तिचे स्वरूप होते. पेट्रोल संपल्यास पायडल मारीत घर गाठता येई. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून अनेक वर्षे थांबावे लागे. अशा वेळी सायकल आणि स्कूटर यांच्यामधली ही स्वस्त गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

कारखाना व परिसर

लूनाचा कारखाना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे नगर–दौंड रस्त्यावर होता. पुण्याहून नगरला जाणारा महामार्ग शिरूरवरून, तर लोहमार्ग दौंड जंक्शनवरून जातो. त्यामुळे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील हे दोन्ही तालुके लूनाच्या जन्मभूमीचे शेजारी ठरतात.

आशय

या घोषवाक्यात वेगाची, ताकदीची किंवा प्रतिष्ठेची बढाई नाही. गाडीवानाने बैलाला प्रेमाने हाक द्यावी, तसे येथे यंत्राला एकेरीत संबोधले आहे. 'मेरी' या शब्दात प्रथमच स्वतःचे वाहन लाभलेल्या माणसाचा आनंद सामावलेला आहे.

लहान दुचाकीचे असेच कौतुक अमेरिकेतील 'लिटल होंडा' (१९६४) या गीतात आढळते. ब्रायन विल्सन व माइक लव्ह यांनी लिहिलेले हे गीत 'बीच बॉइज' या वाद्यवृंदाने गायले; 'होंडेल्स' यांनी गायलेली आवृत्ती अधिक लोकप्रिय झाली. मात्र तेथील छोटी होंडा तरुणांच्या मौजेचे साधन होती; लूना ही कुटुंबाची रोजची गरज होती.

प्रभाव

मराठी बोलण्यात 'लूना' हे विशेषनाम कोणत्याही मोपेडसाठी सामान्यनामासारखे वापरले जाऊ लागले. पुढे स्कूटर व मोटारसायकलींच्या स्पर्धेत लूना मागे पडून तिचे उत्पादन थांबले. २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीन कंपनीने विजेवर चालणारी 'ई-लूना' बाजारात आणली. इंजिन गेले, नाव मात्र टिकले.