एक ओव्हरड्राइव्ह, अनेक आवाज

गणेशोत्सवात येवल्याच्या मंचावर एकाच रात्री भावगीत आणि रॉक दोन्ही वाजवायचे, तर ओव्हरड्राइव्ह पेडल बहुगुणी हवे.

■ काम : गिटारचा सिग्नल वाढवून त्याच्या लहरींचे माथे हळुवार छाटणे. त्यातून भरदार, किंचित खरखरीत आवाज मिळतो.

■ नामांकित पेडल : बॉस ओडी-१ (१९७७), आयबानेझ टीएस-८०८ (१९७९), बॉस एसडी-१ (१९८१), बॉस बीडी-२ (१९९५).

■ निवड : टीएस आणि एसडी-१ खर्ज कमी करून मधली पट्टी उठवतात; ढोलकी-कीबोर्डच्या गर्दीतही सोलो ऐकू येतो. बीडी-२ चा आवाज अधिक मोकळा. हलक्या-जोरकस छेडण्यातला फरक तो छान दाखवतो.

■ वापर : ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त ठेवली की साफ बूस्ट, ड्राइव्ह मध्यावर नेला की सोलो. गिटारचाच व्हॉल्यूम उतरवा, खरखर ओसरते.

■ मिक्सर : पेडल थेट मिक्सरला जोडल्यास आवाज कर्कश होतो. मध्ये अ‍ॅम्प किंवा कॅबिनेट सिम्युलेटर हवा.

■ वीज : आजच्या बहुतेक पेडलना ९ व्होल्टचा, मधले टोक ऋण असलेला अडॅप्टर लागतो. बॅटरीवर चालवत असाल, तर वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढा. नाहीतर बॅटरी उतरत राहते.