ओव्हरक्लॉक केलेला पीसी आणि एका वेळी एकच बदल

समजा, घरच्या पीसीवर गेम साधारण २० मिनिटांनी क्रॅश होतोय. तुम्ही प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलाय, रॅमला एक्सएमपी लावलंय, ग्राफिक्स कार्डाचा वेगही वाढवलाय. मग दोष कोणाचा? तिन्ही बदल एकदम केलेत, त्यामुळे नुसता अंदाज कामाचा नाही.

आधी सगळं मूळ सेटिंगवर आणा. तरीही क्रॅश झाला, तर ड्रायव्हर, पॉवर सप्लाय किंवा गेमच तपासा. नाही झाला, तर एकेक बदल परत लावा आणि दर वेळी तोच गेम, तेवढाच वेळ चालवा. १० मिनिटं नीट चालला याला अर्थ नाही; निदान २ तास बघा. जोडीला रॅमसाठी मेमटेस्ट८६, प्रोसेसरसाठी प्राइम९५ चालवा. प्रत्येक निकाल वहीत लिहा.

मुळात हे होतं का? ४ गिगाहर्ट्झला प्रत्येक सायकलला ०.२५ नॅनोसेकंद मिळतात, ५ गिगाहर्ट्झला फक्त ०.२०. तेवढ्यात सिग्नल पोहोचला नाही, तर चुकीचा बिट पुढे जातो. कधी गेम क्रॅश होतो, कधी मात्र काहीच दिसत नाही.

खरा धोका इथेच आहे. त्याच पीसीवर रात्री तुम्ही सिम्युलेशन लावता. प्राइम९५ आपलं उत्तर आधीच माहीत असलेल्या उत्तराशी ताडून बघतं. तुमच्या सिम्युलेशनचं उत्तर कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे गेमसाठी वेग खुशाल वाढवा, पण प्रबंधात जाणारे आकडे मूळ वेगावरच काढा.