मूल बोलत नाही. कोणाच्या दारी जावे?

श्रोतेहो, मी डॉक्टर नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे सारे कारखान्याच्या गेटावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. तरी या विषयावर उभा राहिलो, कारण एका चुकीत माझा वाटा आहे.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधला एक फिटर दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन कचेरीत आला. म्हणाला, "भाऊ, हा अजून बोलत नाही." मी म्हणालो, "अरे, मुलगे उशिरा बोलतात. थांब जरा." त्याने माझा शब्द मानला. मग टॉनिके झाली, नवस झाला, कर्ज काढून मेंदूचा महागडा फोटोही झाला. फोटो निर्दोष निघाला. अशी दीड वर्षे गेल्यावर एका परिचारिकेने विचारले, "याला ऐकू येते का?" तपासणी झाली. पोर जवळजवळ बहिरे होते! भाषा रुजण्याची वर्षे ती पहिलीच. त्यातली दीड आम्ही घालवली.

मेंदूचे डॉक्टर वाईट नव्हते. आम्हीच चुकीच्या दारी गेलो होतो. पगाराची तक्रार भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीत नेली तर हेलपाटाच पडतो, तसेच हे.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवावा. पहिले दार बालरोगतज्ज्ञाचे. त्यांना नुसते "मूल मागे आहे" असे सांगू नये. काय येते, काय येत नाही, कधीपासून, हे वहीत लिहून न्यावे. नऊ महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचे चालत नसेल, वर्षाचे होऊनही नावाला ओ देत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नये. आलेले बोलणे गेले, तर त्याच आठवड्यात जावे.

पुढची दारे प्रश्नावर ठरतात. बोलत नसेल तर आधी श्रवणतज्ज्ञाकडून कान तपासावेत, मग वाचा-उपचारतज्ज्ञ. हातपाय कडक किंवा ढिले असतील तर फिजिओथेरपिस्ट. घास, बटण, पेन्सिल जमत नसेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट. झटके येत असतील तर मात्र बालमेंदूतज्ज्ञच. नजरेला नजर देत नाही, आपल्यातच रमते, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करते, अशा मुलासाठी विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ. बुद्धीचे मोजमाप चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात.

इतकी दारे गरिबाने कशी हिंडावी? आमच्या फिटरच्या वेळी नव्हती अशी एक सोय पुढे झाली. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी करायची असते. दोष आढळल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. यातली बरीच दारे तिथे एका छपराखाली असावीत, हा हेतू, आणि तेही विनामूल्य. कुठे पदे रिकामी असतात, हेही खरे. तिथे चिठ्ठी मागून घ्यावी आणि पाठपुरावा करावा. हक्काची वस्तू मागायला लाजू नये. विमा कामगाराच्या मुलांना कामगार राज्य विमा योजनेतूनही उपचार मिळतात.

चांगला तज्ज्ञ ओळखावा कसा? तो मुलाबरोबर जमिनीवर बसतो, आईचे ऐकून घेतो, घरी काय करायचे ते शिकवतो आणि काही महिन्यांनी प्रगती पुन्हा मोजतो. "तीन महिन्यांत पूर्ण बरे करतो" म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा. विशेष शिक्षक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारावी. त्यात अपमान नाही.

तो मुलगा आज आयटीआयत शिकतो. कानाला यंत्र आहे, बोलणे तुटक आहे, हात मात्र बापासारखा सफाईचा. बाप मला कधी दोष देत नाही. तेच अधिक लागते. म्हणून सांगतो : शेजारची आई तुम्हांला मुलाबद्दल विचारील, तेव्हा "थांब जरा" म्हणू नका. "चल, मी येतो बरोबर" म्हणा.