मुलाची भेट ऐनवेळी बदलली तर?

विभक्त पालकांसोबत काम करताना आम्हाला एक वाद वारंवार दिसतो. रविवारी मूल तापाने फणफणते, भेट रद्द होते आणि दुसरा पालक म्हणतो, "मुद्दाम टाळलं."

म्हणून बदल कळताच कारणासह लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅप चालेल. त्याच संदेशात बदली दिवस सुचवा. निरोप मुलाच्या तोंडी पाठवू नका. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका. त्या वसुलीचा मार्ग वेगळा आहे.

एखादा दिवस दोघांच्या संमतीने बदलता येतो. वेळापत्रकच जमत नसेल, तर आदेश देणाऱ्या न्यायालयात अर्ज करा. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम २६ नुसार न्यायालय मुलांविषयीचा आदेश बदलू शकते.

मूल तयार होऊन दाराशी बसलेले असते. त्याला ताटकळत ठेवू नका.